टाचेचा आवाज

माझ्या धाकट्या भावाचं स्वतःचं स्टेडियम आहे. नगरपालिकेकडून एक छदामही न घेता त्यानं ते बांधलं. गावात कुणी नवखा आला की त्याला आधी तेच दाखवतात आणि सांगतात, हे सगळं एका माणसानं उभं केलं बरं का. मी जवळपास असलो तर माझ्याकडे हात करून म्हणतात, हे त्यांचे थोरले बंधू. त्यापुढे माझ्याबद्दल सांगण्यासारखं त्यांना काही सुचत नाही, मग ते पुन्हा स्टेडियमकडे वळतात.

मी त्याच्यावर जळतो असं लोक म्हणतात. म्हणू देत. खरंच आहे ते, आणि मी आधीच सांगून टाकतो, म्हणजे नंतर कुणी मला पकडल्याचा आव आणायला नको. लहानपणापासून जळतोय. साठी आली तरी त्यात काही फरक पडलेला नाही.

आमचा धंदा बर्फाचा. मासळी बाजाराच्या मागे बाबांचा कारखाना होता, आता तो माझा आहे. उंच पत्र्याचे डबे पाण्यानं भरायचे, खाऱ्या थंड पाण्याच्या हौदात सोडायचे आणि दोन दिवसांनी लादी बाहेर काढायची, एवढंच काम. मी सात वर्षांचा असताना बाजारवाल्यांनी चाळीस लाद्या परत पाठवल्या, कारण त्या मधून पोकळ निघाल्या. भर रस्त्यात हातगाड्या उलट्या केल्या आणि बाबांचा जो उद्धार केला तो मी दाराआडून ऐकला. बाबांनी उरलेल्या प्रत्येक लादीवर बुटाची टाच मारून बघितली आणि त्यांचा चेहरा असा काही उतरला की आईनं पुढे होऊन त्यांचा हात धरला. त्या दिवसापासून घरात एक नियम झाला, बर्फ जाडच हवा. मऊ वाटला तर अजून पाणी घाला, अजून वेळ द्या, पण पातळ माल दाराबाहेर जाता कामा नये.

टाच मारायची सवय मात्र बाबांना कायमची लागली. प्रत्येक लादीवर एकदाच मारायचे. आवाजावरून त्यांना आतलं सगळं कळायचं, आणि हळूहळू मलाही कळायला लागलं. आई माल चढवायच्या दारात उभी राहून लाद्या मोजायची. तिला आवाजातलं काही कळत नसे. ती बाबांच्या तोंडाकडे बघायची आणि ही लादी घ्यायची की ठेवायची ते ठरवायची.

धाकटा यात कुठेच नव्हता. त्याला इस्त्रीचा शर्ट घालून शाळेत पाठवलं, मोठा झाल्यावर गिऱ्हाइकांशी गोड बोलायला पुढच्या टेबलावर बसवलं. मशीनरूममध्ये पाऊल टाकलं की बाबा ओरडायचे, कपडे खराब होतील, बाहेर हो. मी चौदाव्या वर्षापासून मशीनरूममध्ये. हौदातल्या नळ्यांवर बर्फ चढायचा तो टोच्यानं फोडून काढायचं काम माझं. बोटं बधिर व्हायची. बाबा म्हणायचे, फोड, कंटाळू नकोस, नळ्यांनी गोधडी पांघरली की गारवा बाहेर येत नाही, मग मशीन ऊर फुटेपर्यंत पळतं आणि विजेचं बिल आपल्या उरावर बसतं. हे वाक्य मी हजार वेळा तरी ऐकलं असेल. धाकट्यानं एकदाही नाही.

बाबा गेल्यावर वाटणी झाली. मला कारखाना मिळाला. त्याला बंदराच्या रस्त्यावरचं शीतगृह मिळालं, आणि ते दहा वर्षांत असं काही फोफावलं की लोक त्याला मालक म्हणायला लागले. मलाही कामगार मालक म्हणतात, पण गावानं म्हणणं वेगळं असतं.

आता त्याच्या टीमविषयी. आमच्या गावाला आइस हॉकीचं खूळ आहे. गावाची जुनी टीम धाकट्यानं विकत घेतली तेव्हा मी म्हटलं, पोरखेळ आहे, दोन वर्षांत हौस फिटेल. तेवढ्यात नगरपालिकेच्या जुन्या हॉलचं छप्पर धोकादायक ठरलं आणि हॉलला टाळं लागलं. नवा बांधायला पैसा नाही म्हणाले. बर्फच नाही तर टीम दुसऱ्या गावी जाणार, हे उघड होतं. धाकट्यानं शीतगृह आणि राहतं घर बँकेकडे गहाण टाकलं आणि जाहीर केलं, मी बांधतो.

त्या दिवशी लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. अक्षरशः घेतलं, मी बघितलं. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

शेजारच्या गावातही टीम आहे, तिचाही एक मालक आहे. तो नगरपालिकेच्या हॉलमध्ये खेळवतो, मॅचचं भाडं देतो आणि घरी जाऊन झोपतो. त्याचं छप्पर गळलं तर तो फोन करतो. आमचा शहाणा स्वतः शिडी चढतो. हिशेब सोपा आहे, मशीनरूममधल्या माणसालाही कळणारा. टीम वर्षातून बावीस दिवस घरच्या बर्फावर खेळते, आणि बर्फ तीनशे पासष्ट दिवस खातो. तिकिटं विकली जावोत न जावोत, मशीन बंद करता येत नाही. विमा आहे, कर आहे, पहारेकरी आहेत, बँकेचा हप्ता आहे, आणि या सगळ्याच्या डोक्यावर विजेचं बिल. पांढरा हत्ती पाळलास, असं मी त्याला तेव्हाच म्हणणार होतो. म्हटलं नाही, कारण मी म्हटलं असतं तर ते जळूनच म्हटलं असतं, आणि त्याला ते कळलं असतं.

दारावर बाबांचं नाव आहे, माणसाच्या उंचीची अक्षरं. खाली धाकट्याचं नाव, जरा लहान. उद्घाटनाच्या दिवशी माझं नाव कुठे आहे ते बघायला मी स्टेडियमला पूर्ण चक्कर मारली. मागच्या भिंतीवर ‘येथे गाडी उभी करू नये’ एवढंच लिहिलेलं होतं.

मला कायमचा पास मिळाला, अकराव्या रांगेतला, खांबामागचा. खांब न घालता छप्पर टाकायचं तर पोलाद दुप्पट लागत होतं, म्हणून त्यानं चार खांब ठेवले, आणि त्यातला एक नेमका माझ्या नाकासमोर आला. माझ्या जागेवरून डावीकडचा गोल दिसत नाही. तिकडे गोल झाला की पुढचे लोक उठायचे आणि त्यांच्या पाठी बघून मला कळायचं. मात्र पहिली रांग चांगली दिसायची. मधोमध आई बसायची, शेजारी धाकटा. गारठा असतो म्हणून आई घरून तपकिरी घोंगडी आणायची. अर्धी स्वतःच्या गुडघ्यांवर, अर्धी त्याच्या. मी आख्खी मॅच त्या घोंगडीकडे बघत काढायचो. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, अहो, पन्नाशी उलटलेल्या माणसाच्या गुडघ्यांवरून भांडताय तुम्ही. भांडत नव्हतो मी. बघत होतो.

पहिलं वर्ष नव्याच्या नवलाईत गेलं. दुसऱ्या मोसमाच्या सुरुवातीला एका मॅचनंतर बक्षीस द्यायला राजधानीतून कुणी बडा माणूस आला होता. बर्फावर गालिचा टाकला होता. धाकट्यानं माइकवरून मला खाली बोलावलं, आणि माझी छाती फुगली, खोटं कशाला बोलू. जिना उतरताना मी शर्ट आत खोचला. त्या बड्या माणसापुढे मी हात केला आणि धाकटा हसून म्हणाला, “हे माझे दादा. आपल्या कॅन्टीनमधला सरबताचा बर्फ यांच्याकडूनच येतो.”

सरबताचा बर्फ. बाबांचा आख्खा कारखाना यानं एका ग्लासात घातला.

बडा माणूस बरं बरं म्हणाला आणि पुढे सरकला. मी गालिच्यावरून खाली उतरलो. कुठे बघावं कळेना, म्हणून खाली बघितलं, आणि सवयीनं टाच मारली.

काँक्रीटवर दोन बोटं बर्फ असला की टक्क असा कोरडा आवाज येतो. मला आला तो धप्प, खोलवरून. मी कठड्याकडे बघितलं. कठड्याच्या तळाशी टाचेएवढी पिवळी पट्टी असते, ती निम्मीअधिक बर्फात गेली होती. उद्घाटनाला खेळाडू दारातून एक पायरी उतरून बर्फावर आले होते, आता सरळ चालत येत होते. हजारो लोक दर मॅचला बघत होते आणि कुणाच्या डोक्यात प्रकाश पडला नव्हता. मला एका क्षणात सगळं समजलं. दिवे आणि गर्दीच्या उबेनं वरचा बर्फ मऊ पडत असणार, खेळाडू कुरकुरत असणार, आणि हा बाबांचा नियम चालवत असणार. मऊ आहे? अजून पाणी घाला. बर्फ तासायची गाडी असते, ती वरचा थर खरवडते आणि पाण्याचा नवा थर देते. यानं गाडीवाल्याला सांगितलं असणार, खरवड कमी, पाणी जास्त. पण इथे गारवा खालच्या नळ्यांतून येतो. नळ्यांवर सहा बोटं गोधडी. वरचा थर गोठवायला मशीन जिवाच्या आकांतानं पळणार, वर पुन्हा मऊच राहणार, हा पुन्हा पाणी घालणार. लादीच्या धंद्यातल्या माणसाच्या हातूनच व्हावी अशी चूक. आणि लादीच्या धंद्यात जो फक्त पुढच्या टेबलावर बसला त्याच्याच हातून.

मी तोंड उघडलं. धाकटा पाठमोरा होता, बड्या माणसाला बाबांच्या नावाची अक्षरं दाखवत होता. सरबताचा बर्फ, मी मनात म्हटलं. उद्या सांगू.

दुसऱ्या दिवशी सांगितलं नाही. तिसऱ्याही नाही. मग सांगायचं नाही हे माझं ठरूनच गेलं. मी त्याचं काही वाकडं केलं नव्हतं, पाणी मी घालत नव्हतो. मी फक्त गप्प होतो. माणसाला गप्प बसायचा अधिकार आहे, असं मी स्वतःला रोज समजावत होतो.

आणि त्याचे हाल बघायला मला बरं वाटत होतं. आधी त्यानं गाडी विकली आणि पायी यायला लागला. मग व्हरांड्यातला एक सोडून एक दिवा बंद झाला. मग हात वाळवायची यंत्रं गेली. एक दिवस तो स्वतः शिडीवर चढून छताला जमलेलं पाणी पुसताना दिसला, इस्त्रीच्या शर्टात. मी कॅन्टीनला बर्फ उतरवत होतो, मुद्दाम सावकाश उतरवला. बायको म्हणाली, हल्ली तुमची तब्येत चांगली दिसतेय.

दर रविवारी आम्ही दोघे आईकडे चहाला जातो. ती कारखान्याच्या वरच्या दोन खोल्यांत राहते. त्या दिवसांत ती चहा ओतताना माझ्याकडे बघत राहायची. कप भरला तरी बघायची. एकदोनदा मी शर्टाला काही लागलंय का ते तपासलं. “काय गं?” म्हटलं तर म्हणायची, “काही नाही. तूच बोल काहीतरी.” मी हवापाण्याचं बोलायचो.

मोसम निम्मा झाला तेव्हा धाकटा कारखान्यात आला. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मशीनरूमच्या उंबऱ्यात उभा राहिला, आत आला नाही. म्हणाला, “दादा, बँकेनं मुदत दिलीय. पुढच्या दोन महिन्यांत चालवायचा खर्च खाली आला पाहिजे, नाहीतर टीम विका म्हणतात. राजधानीतला एक जण टपूनच बसलाय. तो टीम तिकडे नेणार.”

“मग?” मी म्हटलं.

“टीम गेली तर उरलं काय? चार भिंती आणि बर्फ.” मग म्हणाला, “मशीनच्या कंपनीचा इंजिनीअर आला होता. बर्फाला भोक पाडून बघतो म्हणाला, वर त्याची फी. मी परत पाठवला. म्हटलं, आमचे दादा दर मॅचला येतात, बर्फावर चालून गेलेत. बर्फात काही कमीजास्त असतं तर त्यांनी तिथल्या तिथे सांगितलं असतं.”

माझ्या हातातला पाना खाली पडला. तो उचलायला मी वाकलो आणि वाकल्या वाकल्या ठरवलं, आता सांगतो. लाज वाटली होती मला. सरळ उभा राहिलो, ‘अरे ऐक’ म्हणालोसुद्धा. तो ऐकत नव्हता, खिसे चाचपत होता.

“आईनं बांगड्या दिल्या,” तो म्हणाला. “नको नको म्हणत होतो, ऐकेना. या महिन्याचं बिल त्यातून जाईल.”

त्या बांगड्या माझ्या बायकोनं आमच्या मुलीच्या लग्नासाठी दोनदा मागितल्या होत्या. बघू, म्हणाली होती आई. दोन्ही वेळा बघू. आणि इथे न मागता हातातून काढून दिल्या, विजेच्या बिलाला. माझ्या नाकाला अशा मिरच्या झोंबल्या की डोळ्यांत पाणी आलं.

“तू काहीतरी म्हणत होतास,” धाकटा म्हणाला.

“काही नाही,” मी म्हटलं. “थंडी वाढलीय, जपून जा.”

तो गेला. मी बायकोला बांगड्यांचं सांगितलं, पण बर्फाचं सांगितलं नाही. तिनं आईला दोन शिव्या दिल्या आणि मला बरं वाटलं, पण नेहमीइतकं नाही.

त्यानंतर सात आठवडे गेले. ते कसे गेले ते मी सांगू शकत नाही, कारण काहीच घडलं नाही. मी लाद्या काढल्या, विकल्या, रविवारी चहा प्यायलो. आई आता माझ्याकडे बघत नव्हती. मॅचना जात होतो, खांबामागे बसत होतो. मशीनची घरघर अकराव्या रांगेपर्यंत ऐकू यायची, माझ्याशिवाय कुणाला ती ऐकू येत नसावी.

मग तो गुरुवार. दुपारी कॅन्टीनला बर्फ द्यायला गेलो तर आख्खं स्टेडियम रिकामं, आणि मधोमध बर्फावर धाकटा गुडघे टेकून बसलेला. मला वाटलं पडला. धावत गेलो. तो उघडा तळवा बर्फावर दाबून धरत होता, उचलत होता, पुन्हा दुसरीकडे दाबत होता. हात लालभडक झाला होता.

“हे काय चाललंय?” मी विचारलं.

“घट्ट झालाय का बघतोय.”

“असं बघतात?”

“मग कसं बघतात?” तो वर बघून म्हणाला. त्यात टोमणा नव्हता, खरंच विचारत होता. “मला कुणी शिकवलंय? तुला बाबांनी सगळं शिकवलं. मी दाराशी उभा राहून बघायचो, तुम्ही दोघे आत काय बोलता ते मशीनच्या आवाजात ऐकूसुद्धा यायचं नाही. मला म्हणायचे, बाहेर हो.”

ऐकून मला आधी रागच आला. उभा जन्म मी ज्याच्यावर जळलो, तो गुलाम उंबऱ्यात उभा राहून माझ्यावर जळत होता. मग तोच राग कुठे ठेवावा कळेना. त्याच्या हाताकडे बघवत नव्हतं.

मी टेम्पोतून लांब पात्याचं ड्रिल आणलं, बर्फात घातलं, काँक्रीट लागेपर्यंत नेलं आणि बाहेर काढून पात्यावर बोटं ठेवून त्याला दाखवलं. सहा बोटं आणि वर थोडा. “हवा दोनच बोटं,” मी म्हटलं. “गोधडी आहे ही. हिच्यापायी तुझं मशीन मरतंय. चार बोटं तासून काढ, बिल निम्म्यावर येईल.”

तो पात्याकडे बघत राहिला. मग उठला आणि मला मिठी मारली, त्या गार हातांसकट. “तू आलास म्हणून कळलं,” म्हणाला. “दादा, तू आलास म्हणून कळलं रे.”

“मग आता बँकेला सांग.”

“मंगळवारी सही केली,” तो म्हणाला. “टीम गेली.”

मंगळवारी मी दिवसभर कारखान्यात होतो. एका मशीनचा पट्टा बदलत होतो, काही महत्त्वाचं काम नव्हतं.

तरी आम्ही बर्फ उतरवला. आठवडाभर गाडीवाला खरवडत होता, मी मागे फावडं घेऊन, धाकटा ढकलगाडी घेऊन. पिवळी पट्टी पुन्हा दिसायला लागली. मशीनची घरघर थांबली आणि ते नुसतं गुणगुणायला लागलं. वर बर्फ काचेसारखा कडक झाला. मीटर मी म्हटलं होतं तितका खाली आला, स्टेडियम तगणार हे बँकेनंही मान्य केलं. स्केटिंगचे वर्ग भरवू, धाकटा म्हणाला. टीम मात्र तगली नाही. धाकट्यानं भेटेल त्याला सांगितलं, दादांनी वाचवलं. बाजारात लोक मला थांबवून हात मिळवायला लागले. ज्या गोष्टीसाठी मी जन्मभर झुरलो ती अशी दारात चालत आली, आणि मी तोंड चुकवून गल्लीबोळांतून जायला लागलो.

शेवटची मॅच रविवारी होती. स्टेडियम खच्चून भरलं होतं, जुनी माणसं डोळे पुसत होती. मी अकराव्या रांगेकडे निघालो तर धाकट्यानं जिन्यात अडवलं. “तू आज आईशेजारी बस,” म्हणाला. “मला इतक्या जवळून बघवणार नाही. मी तुझ्या जागेवर जातो.”

मी पहिल्या रांगेत जाऊन बसलो. जागा रुंद होती, पाय पसरता येत होते, दोन्ही गोल समोर दिसत होते. आईनं घोंगडी एकटीच्याच गुडघ्यांवर घेतली होती. पहिला डाव संपेपर्यंत ती खेळच बघत होती.

मग समोर बघतच म्हणाली, “तुला कधी कळलं?”

“गुरुवारी,” मी म्हटलं. “भोक पाडलं तेव्हा.”

“तो राजधानीचा माणूस बक्षीस द्यायला आला होता, त्या दिवशी तू टाच मारलीस.”

मी कठड्याच्या पिवळ्या पट्टीकडे बघितलं.

“मी इथेच बसले होते,” आई म्हणाली. “मला आवाजातलं कळत नाही. पण टाच मारल्यावर तुझा चेहरा अगदी ह्यांच्यासारखा झाला. चाळीस लाद्या परत आल्या होत्या तेव्हा झाला होता तसा.”

“मग तू त्याला का नाही सांगितलंस?” मी विचारलं. माझा आवाज चढला होता, मागच्या रांगेतल्यानं पुढे वाकून बघितलं.

“काय सांगणार होते? थोरल्याचा चेहरा उतरला म्हणून?” ती म्हणाली. “मला वाटलं, तूच सांगशील. या रविवारी सांगशील, पुढच्या रविवारी सांगशील. चहा ओतता ओतता वाट बघायचे. मग वाट बघायचं सोडलं आणि बांगड्या काढून दिल्या.”

खेळाडू पुन्हा बर्फावर उतरत होते, दारातून एक पायरी खाली. मला म्हणायचं होतं की त्यानं मला सरबताच्या बर्फाचा माणूस केलं होतं. म्हणायचं होतं की बांगड्या माझ्या मुलीच्या होत्या. म्हणायचं होतं की खांबामागून काही दिसत नाही, आई, एवढी वर्षं मला काहीच दिसलेलं नाही. 

“त्याला मी बोललेले नाही,” आई म्हणाली. “बोलणारही नाही. त्याला वाटतंय दादा धावून आला. वाटू दे.”

मग तिनं घोंगडीची घडी उलगडली आणि अर्धी माझ्या गुडघ्यांवर टाकली. “घे,” म्हणाली. “इथे गारठा फार असतो.”

घोंगडी तिच्या अंगाच्या उबेनं गरम होती. मी ती दोन्ही हातांनी धरून बसलो. डावीकडे गोल झाला, आमच्या टीमचा, अगदी माझ्या डोळ्यांसमोर. सगळं स्टेडियम उभं राहिलं. मी मागे वळून अकराव्या रांगेकडे बघितलं. खांबाच्या आडून धाकटा पुढच्या लोकांच्या पाठी बघत होता आणि टाळ्या वाजवत होता.